‘हॅव’ आणि सातबारा

इंग्रजीतले ‘हॅव’ हे क्रियापद पहिल्या काही धड्यांतच येते, म्हणून ते सोपे मानले जाते. यवतमाळ जिल्ह्यातील मुलांना इंग्रजी शिकवताना आम्हांस मात्र ते फार अडले. कारण उघड आहे : मराठीत त्याचे काम करणारे एकच एक क्रियापद नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याजवळ छत्री आहे, आमच्याकडे बैलजोडी आहे, खोलीला एक खिडकी आहे, बापाच्या अंगावर कर्ज आहे, आजोबांच्या नावावर शेत आहे. या सर्व वाक्यांत कर्ता ती वस्तू. माणूस आपला ‘ला’, ‘जवळ’, ‘कडे’ लावून बाजूला उभा. इंग्रजीत माणूस कर्ता होतो आणि भाऊ, छत्री, कर्ज, शेत सारेच त्याच्या मुठीत येते.

हे वेगळेपण एकट्या मराठीचे नव्हे. रशियन माणूसही वस्तू ‘माझ्यापाशी आहे’ अशाच धर्तीवर बोलतो. चिनी भाषेत ‘यौ’ हे एकच क्रियापद ‘जवळ असणे’ आणि ‘अस्तित्वात असणे’ या दोहोंसाठी चालते. म्हणून तिथला विद्यार्थी ‘देअर इज’च्या जागी ‘देअर हॅव’ म्हणून बसतो. आमचा विद्यार्थी चुकतो तो उलट टोकाला : ‘निअर मी वन पेन इज’.

ही चूक सुधारता येते. पण व्याकरणदृष्ट्या अचूक वाक्यातही काही हरवते, ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. पांढरकवड्याकडील एका विद्यार्थिनीने लिहिले, ‘वी हॅव फाइव्ह एकर्स’. वाक्य निर्दोष. मराठीत सांग म्हटल्यावर ती म्हणाली, ‘आमच्याकडे पाच एकर आहे.’ आणि नावावर? ‘आजोबांच्या. ते वारले.’ शेतात राबणारी तिची आई ‘वी’मध्ये होती, ‘आमच्याकडे’मध्येही होती; सातबाऱ्यावर नव्हती. पीककर्ज मागायला गेले की बँक ‘कडे’ विचारीत नाही, ‘नावावर’ विचारते.

कायदा या बाबतीत पुष्कळ पुढे आला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहितांचा हक्क पतिपत्नी दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. झरी जामणी, मारेगाव भागातील कोलाम कुटुंबांना ही तरतूद मोलाची आहे. परंतु हक्क असणे आणि नोंद असणे यांत तलाठ्याच्या दफ्तराएवढे अंतर उरतेच. वारस नोंदीचा अर्ज कोणीतरी करावा लागतो, आणि तो करण्यासाठी नोंद नाही हे आधी कळावे लागते.

म्हणून ‘हॅव’ शिकवताना आम्ही मुलांकडून प्रथम मराठी वाक्य लिहवून घेतो : कुणाला, कुणाजवळ, कुणाकडे, कुणाच्या नावावर. इंग्रजी त्यानंतर. तास थोडा लांबतो. मुले घरी जाऊन सातबारा काढून पाहतात, आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न घेऊन येतात. त्यांतले निम्मे इंग्रजीचे नसतात.