डावी सीट

2010 च्या पावसाळ्यात एका रात्री वडिलांच्या छातीत कळा यायला लागल्या. नालासोपाऱ्याची शेवटची एसटी केव्हाच गेली होती आणि त्या पावसात आमच्या कळंबमध्ये रिक्षा कुठून मिळणार? शेजारचे काका बनियनवरच धावत आले. त्यांच्या छोट्या हत्ती टेम्पोच्या हौद्यातले भाजीचे रिकामे हारे त्यांनी अंगणात भिरकावले, आमची गादी आत अंथरली आणि वडिलांना दवाखान्यात पोचवलं. वडील वाचले. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, "हारे गोळा करून ठेव तेवढे."

पुढच्याच आठवड्यात मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वय चौतीस, नोकरी शाळेत गणित शिकवण्याची, आणि तोवर सायकलीपलीकडे काही चालवलेलं नव्हतं.

नियम असा की चारचाकी शिकवायला किमान 21 दिवस आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर 10 तास. आमचा रोजचा अर्धा तास. गुणाकार केला तर साडेदहा. हिशेब चोख होता. शिकवणारे सरही चोख होते. आधी सीट, मग आरसे, मग पट्टा, त्यानंतरच चावी. हाफ क्लचवर गाडी नुसती थरथरत उभी ठेवायला त्यांनी दोन दिवस घेतले, त्याबद्दल आजही त्यांचे आभार. त्या गाडीत त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते. त्यामुळे गाडी थांबायची खरी, पण ती मी थांबवली की सरांनी, हे मला एकविसाव्या दिवसापर्यंत कळलं नाही.

परवाना मिळाला आणि कपाटात गेला. स्वतःची गाडी नव्हती, आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती. एका रविवारी पहाटे काकांनी हाक मारली, "चल बाय, बस." आणि स्वतः डावीकडे जाऊन बसले. मालवाहू गाडीला तेव्हा परवान्यावर वेगळी नोंद लागायची. ती माझ्याकडे नव्हती, हे इतक्या वर्षांनी कबूल करून टाकते.

आमच्याकडचे वाडीतले रस्ते ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. एका हाताला केळीचं कुंपण, दुसऱ्या हाताला बावखल. बावखल म्हणजे वाड्या शिंपायला आमच्या पूर्वजांनी खणून ठेवलेलं तळं. कठडा वगैरे काही नाही. रस्ता संपला की पाणी. समोरून टँकर आला की कुणातरी एकाला रिव्हर्स घ्यावाच लागतो, आणि शिकाऊ दिसणाऱ्यालाच तो घ्यावा लागतो.

काका चौथी शिकलेले. पण त्यांची शिकवण्याची पद्धत मला शिक्षिका म्हणून हेवा वाटावा अशी होती. ते रस्त्यात नारळाची झावळी आडवी टाकत, तिचा जाड देठ एका कडेला. "आता सांग, कुठलं चाक गेलं?" पहिले दोन रविवार मी ठोकून दिलं. मग हळूहळू धक्का नेमका कुठून येतो ते कळायला लागलं: पुढचं डावं, मागचं डावं. आरशात बघ, पण चाक कुठे आहे ते बुडाला कळलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. सरांच्या तक्त्यावर हे नव्हतं. असणार तरी कसं?

सरांच्या पायाखाली ब्रेक होता, काकांच्या पायाखाली नुसता पत्रा. गाडीचे हप्ते अजून फिटायचे होते, घर त्या गाडीवर चालत होतं. तरी त्यांनी एकदाही स्टिअरिंगला हात घातला नाही.

श्रावणात एका सकाळी रिव्हर्स घेताना मागचं चाक चिखलावरून सरकलं. गाडीचं बूड बावखलाकडे कललं. काका एवढंच म्हणाले, "थांब. हँडब्रेक." आवाज जराही चढला नाही. आम्ही उतरून पाहिलं तर एक चाक निम्मं हवेत. मग वाडीतून माणसं आली, दोर आला, फळ्या आल्या. "कोण चालवत होतं?" कुणीतरी विचारलंच. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मीच. डुलकी लागली." पंचवीस वर्षं गाडी चालवणारा माणूस! पुढे कित्येक महिने नाक्यावर त्यांची टिंगल चालली. मी गप्प राहिले. पोरी गाडी चालवायला लागल्या की असंच होणार, असं म्हणायला काही जण टपलेलेच होते. काकांनी त्यांना संधी दिली नाही.

पण काकांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. एकदा त्यांच्याबरोबर ठाण्याला जाताना पाहिलं, गायमुखच्या उतारावर डिझेल वाचवायला ते गाडी न्यूट्रलमध्ये सोडत. सरांनी मला पढवलं होतं: उतारावर गिअर काढला की इंजिनाचा आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. मी चाचरत ते सांगितलं. काका काही बोलले नाहीत. दोन आठवड्यांनी अंगणातूनच ओरडले, "तिसऱ्यात उतरलो गं. सांग तुझ्या सरांना." सरांना सांगायचं राहूनच गेलं.

मध्यंतरी मालवाहू गाडीच्या परवान्याला आठवी पासची अट होती. 2019 मध्ये केंद्र सरकारने ती काढून टाकली. काकांचा परवाना ती अट येण्याआधीचा म्हणून त्यांचं निभावलं. शाळेत शिकवत असूनही मला ती अट कधी पटली नाही. गायमुखचा उतार शिकायला आठवी लागत नाही, कुणीतरी सांगणारं लागतं.

2018 च्या जुलैत नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या, तेव्हा माझ्याकडे जुनी अल्टो होती. पाण्यातून पहिल्या गिअरवर, पाय न उचलता कसं जायचं ते सरांनी शिकवलं होतं. काकांचं सांगणं वेगळं: रस्त्याची कड दिसत नाही तिथे गाडी घालायची नाही. त्या दिवशी कड दिसत नव्हती. मी गाडी उंचावर लावली आणि गुडघाभर पाण्यातून चालत घरी आले.

काकांनी छोटा हत्ती विकला. आता ते माझ्या डाव्या सीटवर बसतात. पट्टा लाव म्हणून दर वेळी सांगावं लागतं, आणि समोर कुत्रं आलं की त्यांचा उजवा पाय अजून पत्रा दाबतो.

बावखलाच्या त्या वळणावर नंतर कुणीतरी दोन मोठे दगड आणून ठेवले. कशासाठी म्हणून नवख्या माणसाने विचारलं, तर नाक्यावर आजही काकांचं नाव सांगतात. ते चूक आहे. गाडी मी घातली होती.