तुळजापूरची सावली

शाळा सोडून आम्हांस बरीच वर्षें झालीं, तरी एक प्रश्न मनांत सलत होता. अठरा अंशांची स्पर्शज्या, म्हणजे शाळेंतील 'टॅन', आम्हीं फळ्यावर ०.३२४९ अशी लिहिली, तेव्हां मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, हा आंकडा आला कोठून?" "कोष्टकांतून," असें म्हणून आम्हीं पुढचें उदाहरण घेतलें. मुलगी मुकाट्यानें खालीं बसली व पुन्हां कधीं कांहीं विचारिती झाली नाहीं. खरें उत्तर आम्हांसच येत नव्हतें.

गेल्या २० मार्चला, विषुवदिनीं, आम्ही नातवासह तुळजापुरीं देवीच्या दर्शनास गेलों होतों. दुपारीं साडेबाराच्या सुमारास त्यानें बारा अंगुळांची काठी उन्हांत उभी धरिली. सावली चार अंगुळांस किंचित् उणी भरली. हीच पंचांगांतील पलभा. ती अक्षांशाच्या स्पर्शज्येची बारापट असते. तुळजापूरचा अक्षांश जवळजवळ नेमका अठरा! जुना आंकडा असा वाटेंत उभा राहिला.

घरीं येऊन भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'तील (इ. स. ११५०) ज्योत्पत्तिप्रकरण उघडलें. अठरा अंशांची ज्या तेथें पांचाच्या वर्गमुळानें सांगितली आहे. कारण पाहूं. अठराची पांचपट नव्वद. म्हणून अठराच्या दुपटीची ज्या तीच तिपटीची कोटिज्या. हें समीकरण विस्तारून कोटिज्येनें भागिलें, कीं एवढेंच उरतें: ज्येच्या वर्गाची चौपट अधिक ज्येची दुप्पट बरोबर एक. त्रिज्या एक धरिल्यास ज्या (√५ − १)/४ येते. तिचा वर्ग (३ − √५)/८, कोटिज्येचा (५ + √५)/८. भागाकार करितां स्पर्शज्येचा वर्ग १ − २/√५ होतो. त्याचें मूळ ०.३२४९, बारापट केली तर ३ अंगुळें ५४ व्यंगुळें. कोष्टकांतील आंकडा अदमासाचा. नेमकें मूल्य तें हें.

नातू लगेच म्हणाला, "आजोबा, मग तीन अंशांची?" या वेळीं आम्हीं पुढचें उदाहरण घेतलें नाहीं. अठरांतून पंधरा वजा केले कीं तीन. पंधराची स्पर्शज्या २ − √३. दोहोंच्या अंतराचें सूत्र लावावें. पाटी घेऊन दोघेही बसलों. दिवेलागणीपर्यंत उत्तर निघालें.

ती मुलगी आज कोठें आहे, ठाऊक नाहीं. तिचें उत्तर मात्र आतां आमच्यापाशीं आहे.