केळीचा डाग

मासिकांत चित्रे काढून पोट भरणारा माणूस स्वतःसाठी चित्र काढू लागला की लोकांना मोठी गंमत वाटते. ‘हे कुठे छापून येणार?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. ‘कुठेच नाही’ म्हटले की दुसरा प्रश्न प्रकृतीविषयी असतो!

माझे गाव लोणखेडा, शहाद्याला अगदी लागून. लहानपणी एका गुरुजींच्या घरी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा होता. १९४५ साली ‘दीपावली’ सुरू करणारे दीनानाथ दलाल आणि फवाऱ्याने रंग उडवून देवादिकांच्या गालांवर लोण्याची झाक आणणारे रघुवीर मुळगावकर, हे माझे दोन द्रोणाचार्य. त्यांनी माझा अंगठा मागितला नाही, कारण असा कोणी एकलव्य आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते.

कथाचित्रांत मी बरा रुळलो. नायिका खिडकीशी उभी, नायक पाठमोरा. हात आपोआप चालू लागला. हात आपोआप चालतो हे कळले तेव्हाच मला भीती वाटली, आणि रात्रीचे उद्योग सुरू झाले.

बाजारच्या जलरंगात रंगाची पूड धरून ठेवतो तो बाभळीच्या गोतातल्या झाडाचा डिंक. मग आमच्या बांधावरच्या बाभळीने काय घोडे मारले? तिचा डिंक भिजवला, त्यात दिव्याची काजळी खलली, सुरेख काळी शाई झाली. शेतातली काळी माती मात्र फळीवर लिंपली तेव्हा वाळताना आक्रसली, वैशाखातल्या वावरासारखी भेगाळली आणि चित्रासकट गळून पडली. कापड डकवायला कणकेची खळ केली, तर झुरळांची पंगत बसली. शेवटी एका पुस्तक-बांधणाऱ्याने खळीत चिमूटभर मोरचूद घालायला शिकवले.

हे वेड काही माझ्यापासून सुरू झालेले नाही. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे येथे १९५४-५५ साली उत्खनन झाले, तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची, लाल अंगावर काळी नक्षी काढलेली मडकी निघाली. त्यांनाही कोणी ‘हे कुठे छापून येणार?’ असे विचारले नसावे.

आमच्या भागात केळी पिकते. केळीचा चीक ताजा असताना पाण्यासारखा दिसतो. हवा लागली की तांबूस होत होत काळपट होतो. कपड्याला लागला की तो कपडा फाटेल, पण डाग जाणार नाही. वडिलांचे सगळे सदरे असेच होते. ते गेल्यावर मायने त्यांतला एक पेटीत जपून ठेवला होता. चित्रासाठी तो मागताना माझी जीभ अडखळली. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सदरा माझ्या टेबलावर होता. बटणे तेवढी तिने काढून घेतली होती.

सदरा उसवून, खळ लावून फळीवर ताणला. त्यावर काजळीच्या शाईने वडिलांचा चेहरा काढला. एका रात्रीत, एकटाकी! सकाळी मायला बोलावले. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘हा कोण रे?’

मी पुन्हा पाहिले. धारदार नाक, रुंद कपाळ, डोळ्यांत करुणा. तो कथेतला सज्जन शेतकरी होता; मी तो आजवर पन्नासदा तरी छापून दिला असेल. आणि काजळीची शाई कापडात पार मुरली होती. सदरा एकच होता.

मी कितीतरी दिवस ती फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग एकदा शेतातली माती आणली. या वेळी तीत बारीक वाळू आणि डिंक घातला आणि चेहऱ्यावर पातळ थर दिला. ही माती भेगाळली नाही. चेहरा झाकला गेला आणि उरला तो डाव्या खांद्यावरचा डाग, जिथे ते केळीचा घड घेत. तिथला तपकिरी रंग सगळ्यांत गडद होता. त्याला मी हात लावला नाही.

माय आली, काही न विचारता त्या डागावर तळवा ठेवून उभी राहिली. संध्याकाळी तिने बटणे आणून दिली. ती कुठे लावायची हे अजून ठरत नाही. तोवर ती माझ्या रंगांच्या पेटीत आहेत.