कोंढव्याहून बाणेरला

आपाचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे उर्दूचे पेपर तपासत होतो. "तू मामू आहेस, तुझं ऐकेल तो. नोकरी करून शनिवार-रविवार पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसतो आणि त्याचा एक पैसा मिळत नाही. लग्नाची बोलणी चालू आहेत. मुलीकडच्यांना काय सांगू?"

दिवाळीची सुट्टी लागताच सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेस पकडली. काय बोलायचे ते दौंडपर्यंत मनात जुळवत होतो.

भाचा कोंढव्यात राहतो. एका छोट्या कंपनीत डेव्हलपर आहे, वर्डप्रेसवर लोकांच्या वेबसाइट बांधून देतो. हे सॉफ्टवेअर मूळचे ब्लॉग लिहिण्यासाठी केलेले. आज जगातल्या दहापैकी चार वेबसाइट त्यावर चालतात. ते फुकट मिळते आणि त्याचा कोड कोणीही उघडून पाहावा, बदलावा, पुढे वाटावा अशी मुभा परवान्यातच आहे. मी समजावायच्या आधीच तो म्हणाला, "मामू, उद्या माझ्याबरोबर चला. मग काय ते बोला."

शनिवारी सकाळी त्याच्या गाडीवर मागे बसून बाणेर गाठले. कोंढव्याहून पुण्याचे हे दुसरे टोक. वाटेतल्या वाहतुकीबद्दल न लिहिलेलेच बरे. एका कार्यालयाने सुट्टीच्या दिवशी आपला हॉल वापरायला दिला होता. तीस-चाळीस मंडळी, पोहे, चहा. प्रमुख पाहुणे नाहीत, शाल-श्रीफळ नाही, प्रास्ताविक पाच मिनिटांत संपले. आमच्या शाळेला हे जमणार नाही. मग जो तो आपापल्या टेबलावर. एकीकडे मूळ कोड, एकीकडे माहितीपुस्तिका, एकीकडे अडलेल्यांच्या प्रश्नांना उत्तरे, एकीकडे भाषांतर.

मी आधी भाच्याशेजारी बसलो. ज्यांना दिसत नाही किंवा माउस धरता येत नाही अशी माणसे फक्त कीबोर्डने काम करतात. एका फॉर्ममध्ये त्यांचा रस्ता मध्येच अडत होता. ती चूक भाच्याने सात महिन्यांपूर्वी दुरुस्त करून पाठवली होती. कोणा परदेशी माणसाने तपासून कळवले की या दुरुस्तीने दुसरीकडे बिघाड होतो. म्हणून पुन्हा काम. सगळे मिळून बदल दहा-बारा ओळींचा. तो स्वीकारला गेला तर नोंदीत भाच्याचे नाव लागेल, बाकी काही नाही.

"ज्या विहिरीचं पाणी विकून घर चालवतो, तिचा गाळ कोणी काढायचा?" तो म्हणाला.

मी म्हटले, "टँकरवाल्यांनी काढावा. त्यांची कमाई तुझ्यापेक्षा जास्त."

तो हसला, पण बोट बरोबर दुखऱ्या जागी पडले होते. २०२४ मध्ये वर्डप्रेसचे एक संस्थापक मॅट मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी यांचा वाद कोर्टात गेला. त्या काळात भाच्याने तीन महिने हातच लावला नव्हता. "मोठे भांडतात, तेव्हा आपण कुठे उभे आहोत ते कळत नाही," म्हणाला. मग परत का आलास, विचारले. त्याने जुनी गोष्ट काढली. बी२ नावाचे एक सॉफ्टवेअर होते. मिशेल वाल्द्रिघी हा त्याचा कर्ता. त्याचे काम थंडावले, तेव्हा ह्यूस्टनचा एकोणीस वर्षांचा मॅट आणि इंग्लंडचा माइक लिटल यांनी तोच कोड उचलून पुढे चालवला. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ ची. "परवाना खुला होता म्हणून जमलं, मामू. उद्या हेही मोडलं तर कोणीतरी उचलेल. माझ्या दहा ओळी त्यात राहतील."

यावर मला लगेच उत्तर सुचले नाही.

जोहरनंतर मी भाषांतराच्या टेबलावर जाऊन बसलो. दोन भाषा येतात म्हटल्यावर मला कोणी सोडेना. मराठीत वाद रंगला होता, प्लगइन 'तो' की 'ते'? लिंग ठरल्याशिवाय 'अद्ययावत झाला' लिहायचे की 'झाले'? वीस वर्षे व्याकरण शिकवतो, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता. मी 'ते'च्या बाजूने मत दिले, बहुमत विरुद्ध गेले. उर्दूचे निराळेच. अक्षरे उजवीकडून डावीकडे, म्हणून पानाची सारी मांडणी आरशात पाहिल्यासारखी उलटवावी लागते. समासही बाजू बदलतात. इंग्रजी वाक्यात नाव आणि तारखेसाठी रिकाम्या खुणा असतात. उर्दूत त्यांचा क्रम फिरवला तरी चालतो, पण एकही खूण गाळून चालत नाही. सायंकाळपर्यंत माझी अकरा वाक्ये झाली. ती लगेच लागू होत नाहीत. त्या भाषेचा संपादक तपासून मंजूर करतो, तोपर्यंत थांबायचे.

रात्री आपाने दस्तरखान घालता घालता विचारले, "बोललास का?"

"बोललो. एक शनिवार घरासाठी ठेवायचा, एवढं कबूल केलंय त्याने."

"आणि मुलीकडच्यांना?"

"खरं ते सांग. नोकरी आहे, पगार अमुक आहे, आणि हेही करतो."

आपाचे समाधान झाले नाही. ती गप्प राहिली.

चार दिवसांनी सोलापुरात मोबाइलवर निरोप आला. दहा वाक्ये मंजूर, एक परत. उर्दूचा पूर्णविराम आडव्या रेघेचा, मी सवयीने टिंब दिले होते. याच चुकीला सहामाहीत मुलांचा अर्धा-अर्धा गुण कापला होता.