जाबदार क्रमांक 3

"मुलगा होता की मुलगी?" वकिलांनी विचारलं.

माझ्या घटस्फोटाच्या वकीलबाईंनी मला अपघाताचे दावे चालवणाऱ्या या गृहस्थांकडे पाठवलं होतं. मी म्हणालो, "मुलगी. आठ वर्षांची."

"मग तुम्ही वारस आहात. मुलगा असता तर फक्त आई."

1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात तसंच आहे. अविवाहित मुलगा गेला, तर आई पहिल्या वर्गातली वारस आणि बाप दुसऱ्या वर्गातला. म्हणजे आई हयात असताना बापाला काहीच नाही. अविवाहित मुलगी गेली, तर आईबाप दोघंही बरोबरीने. माझ्या आईने नातीच्या नावावर ठेवलेल्या छोट्या ठेवीपुरता हा प्रश्न होता. पण 'तुम्ही वारस आहात' हे तीन शब्द मी घरी येईपर्यंत मनात धरून ठेवले. त्या महिन्यात मला 'तुम्ही तिचे कुणीतरी आहात' असं म्हणणारा तो पहिला माणूस.

नोव्हेंबर 2023. मामाच्या स्कूटरवरून क्लासला जाताना टेम्पोने धडक दिली, संध्याकाळी साडेपाचला. मला फोन आला रात्री अकराला, तोही जुन्या शेजाऱ्यांचा. सकाळी स्मशानात मी मागच्या रांगेत उभा होतो. अग्नी आजोबांनी दिला. ताब्याच्या आदेशात पहिला-तिसरा शनिवार लिहिलेला असतो, दिवाळीचे चार दिवस असतात; हे कुठे लिहिलेलं नसतं.

दिवाळीचे दिवस वाढवून मिळावेत म्हणून शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात माझा अर्ज पडून होता. तो एका ओळीत संपला: अल्पवयीन मयत झाल्याने अर्ज निकाली. पोटगीही तिथेच संपते. वकीलबाई म्हणाल्या, बँकेला सांगून बंद करा. मी केलं नाही. दर पाच तारखेला पैसे वळते झाल्याचा मेसेज यायचा, तो मला हवा होता.

कागद मात्र मिळाले. मृत्यूचा दाखला कुणीही मागू शकतं, ताबा असो-नसो. त्यावर वडिलांचं नाव असतं. मी तीन प्रती घेतल्या, गरज एकीचीच होती. फिर्यादीची नक्कल, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल यांसाठी पोलीस ठाण्यात चकरा झाल्या. अहवाल मी वाचला नाही, वकिलांकडे बंद पाकिटात दिला.

मग समन्स आलं. तिच्या आईने मोटार अपघात दावा प्राधिकरणात नुकसानभरपाईचा अर्ज केला होता. जाबदार क्रमांक 1 टेम्पोमालक, क्रमांक 2 विमा कंपनी, क्रमांक 3 मी.

त्या ओळीकडे किती वेळ बघत बसलो, सांगता येत नाही. वकिलांनी समजावलं की यात आरोप नाही. जो कायदेशीर प्रतिनिधी अर्जात सामील होत नाही, त्याला जाबदार करावंच लागतं, मोटार वाहन कायद्याचं कलम 166 तसंच सांगतं. स्वतंत्र दावा करायचा, तर अपघातापासून सहा महिन्यांत. 1 एप्रिल 2022 पासून ही मुदत आली आहे, आणि सुतकात असलेल्या माणसाला ती कुणी सांगत नाही. पण अर्ज आलेलाच होता. त्यातच मला अर्जदार करून घ्या, अशी विनंती करता येत होती. अपत्याच्या सहवासाला मुकल्याची भरपाई आई आणि बाप दोघांनाही असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितलं आहे. ताबा कुणाकडे होता, हा तिथे प्रश्नच नाही.

रक्कम मला नको होती. टेम्पोमालकाच्या रांगेतून उठून पलीकडे बसायचं होतं.

तारखेला ती आली होती, एकटीच. तिच्या वकिलाने माझा अर्ज तिच्यापुढे धरला. तिने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, कडेला 'हरकत नाही' लिहिलं आणि सही केली. कागद परत देताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाच तारखेचे पैसे अजून येतायत. परत पाठवू?"

"राहू दे," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मग शिपायाने नंबर पुकारला आणि आम्ही दोघं आत गेलो.