एका गुणाने हुकलेली शील्ड



या पानावर आपण एरवी रविवारच्या वाचनांवर बोलतो. आज आम्ही फुटबॉलवर लिहितो आहोत, म्हणून काही वडीलधारे नाराज होतील. पण 2023-24 या वर्षात आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांनी सर्वात जास्त वेळ जर कशावर वाद घातला असेल, तर तो मुंबई सिटी एफसीच्या हंगामावर. त्या वादातून असे प्रश्न निघाले, जे आम्ही कोणत्याही पुस्तकातून त्यांच्यापुढे आणू शकलो नसतो.

आधी आमच्याविषयी थोडे. धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने. मराठी इथे त्यांच्याबरोबर आली आणि राहिली. आमच्या घरात मराठी, गल्लीत माळवी, शाळेत हिंदी, अशी तिन्ही चुलींवर शिजलेली आमची भाषा आहे. मध्य प्रदेशाचा इंडियन सुपर लीगमध्ये संघ नाही. मग आमच्या देवासच्या मुलांनी मुंबईचा संघ आपला मानला. नातेवाईक मुंबईत, कर्णधार राहुल भेके मुंबईत वाढलेला मराठी मुलगा, एवढे कारण त्यांना पुरले.

धारचे काका मात्र मोहन बागानचे. त्यांच्या पिढीत फुटबॉल म्हटले की कलकत्ता. 29 जुलै 1911 रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, ही गोष्ट ते कालच घडल्यासारखी सांगतात. त्या अकरा जणांत दहा अनवाणी खेळले, आणि बूट घालून खेळणारा एकटा सुधीर चटर्जी आपल्यातला, ख्रिस्ती, हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. देवासला लोकांना दोन राज्यांची सवय आहे. थोरली पाती आणि धाकटी पाती एकाच गावात, एकाच टेकडीखाली नांदली. तेव्हा एका कुटुंबात दोन संघ नांदायला काहीच हरकत नव्हती.

ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा साखळीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला लीग शील्ड मिळत असे. त्यानंतर वरचे सहा संघ बाद फेरीत खेळत आणि तिथला विजेता चषक नेत असे. म्हणजे एकाच हंगामात दोन वेगळे न्याय. शील्ड वर्षभराच्या सातत्याला मिळे, चषक शेवटच्या काही दिवसांच्या हिमतीला.

2022-23 मध्ये मुंबईने 46 गुणांसह शील्ड जिंकली होती. सलग 18 सामने ते हरले नव्हते. आमची मुले तेव्हा अशी बोलत, जणू हरणे हा प्रकार दुसऱ्या संघांसाठी केला आहे. पुढच्या हंगामात आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबईच्या गटात सौदीचा अल हिलाल आला. नेमार भारतात खेळायला येणार म्हणून सगळा देश हरखला. नेमार दुखापतीमुळे आलाच नाही. रियाधला मुंबई 0-6 ने हरली, नवी मुंबईत 0-2 ने. त्या गटातले सहाच्या सहा सामने हरले.

मग नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे निघून गेले. डिसेंबरमध्ये चेक प्रजासत्ताकाचे पीटर क्राटकी आले. ते नीट स्थिरावले नाहीत तोच 20 डिसेंबरला मोहन बागानविरुद्धचा तो सामना झाला. मुंबईने तो 2-1 ने जिंकला, पण दोन्ही संघांची मिळून सात लाल कार्डे निघाली. नाताळाला पाच दिवस उरले होते. आमच्या हॉलमध्ये एकीकडे गोठ्याला कागद चिकटवणे चालले होते आणि दुसरीकडे मोठी माणसे पडद्याकडे बघून शिव्या आवरत होती. धारच्या काकांनी फोनवर एवढेच विचारले, "जिंकलात ना? मग आवाज असा का?" जानेवारीत ग्रेग स्टुअर्टही संघ सोडून गेला.

याच काळात आमचा हॉल रिकामा होऊ लागला. ऑगस्टमध्ये वर्गानंतर सामन्याच्या गप्पांना वीसेक मुले थांबत. जानेवारीत सात-आठ राहिली. गंमत म्हणजे वर्गातली हजेरीही त्याच बेताने उतरली. आम्ही मुलांना बोल लावला नाही, कारण मोठ्यांचेही तसेच चालले होते. मंडळीतल्या दोन घरांत जुन्या हिशेबावरून बिनसले होते आणि दोन्ही घरांनी मिस्सेला येणे सोडले होते. जिंकत असतो तेव्हा बाकावर जागा पुरत नाही, हरू लागलो की माणसे घड्याळ बघतात. हे मैदानात होते तसे मंडळीतही होते.

फेब्रुवारीपासून संघ पुन्हा उभा राहिला. सगळेच गुण घामाचे होते असे नाही. मार्चमधला जमशेदपूरचा सामना 1-1 असा सुटला होता, पण प्रतिस्पर्ध्याने मैदानावर ठरल्यापेक्षा कमी भारतीय खेळाडू ठेवले म्हणून नियमाने तो मुंबईला 3-0 असा बहाल झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीने विचारले, "हे दोन गुण आपले आहेत का?" वर्गात त्यावर अर्धा तास गेला. नियम नियमच आहे आणि तो पाळलाच पाहिजे, इथवर सगळे एकमत झाले. पण नियमाने मिळालेल्यावर मिरवू नये, हे तीच मुलगी म्हणाली.

शेवटच्या दिवशी, 15 एप्रिल 2024 ला, मुंबईचे 47 गुण होते आणि मोहन बागानचे 45. कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर फक्त बरोबरी पुरे होती. मोहन बागानने दोन गोल केले, छांगतेने शेवटी एक फेडला. 2-1. मोहन बागान 48, मुंबई 47. शील्ड एका गुणाने हुकली. सबंध हंगामात 22 सामने खेळून मागच्या वर्षीपेक्षा एक गुण जास्त, आणि तरी हात रिकामे.

आमच्या गटात बारावीचा एक मुलगा होता. संघाचा सगळ्यात वेडा. त्याने त्या रात्री ग्रुपवर लिहिले, "बस. आता मी कुणाचा फॅन नाही." आणि तो ग्रुपमधून बाहेर पडला.

नऊ दिवसांनी, 24 एप्रिलला, दुपारी चार वाजता मध्य प्रदेश बोर्डाचे निकाल लागले. मुलगा फिजिक्स आणि केमिस्ट्रीत नापास झाला. त्याच संध्याकाळी फातोर्ड्याला एफसी गोवाविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना होता. त्याच्या आईने आम्हाला फोन केला. म्हणाली, "दार लावून बसलाय. तुम्ही जरा घेऊन जा त्याला, कुठेही." आम्ही त्याला हॉलवर आणले. निकालाविषयी कुणी बोलायचे नाही, एवढे बाकीच्यांना आधी बजावले.

गोव्याने 16व्या मिनिटाला गोल केला, 56व्या मिनिटाला दुसरा. आम्ही सगळे गप्प. 85व्या मिनिटाला दोघे जण चपला घालून उठले. मग 90व्या मिनिटाला छांगते, लगेच पुढच्या मिनिटाला विक्रम प्रताप सिंग, आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते. 2-0 चे 2-3 झाले. हॉलमध्ये जो आवाज उठला त्याने शेजारचे लोक बाहेर आले.

आमच्यातल्या एका भाऊंनी त्या मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "पाहिलंस? प्रभू नव्वदाव्या मिनिटालाही गोल देतो."

मुलगा हसला नाही. म्हणाला, "भाऊ, मग गोव्याच्या लोकांनी काय प्रार्थना केली नव्हती?"

प्रियजनहो, या प्रश्नापुढे आम्ही सगळे थांबलो. फातोर्ड्याच्या त्या गर्दीत गळ्यात क्रूस घातलेली माणसे आमच्याहून कितीतरी जास्त असणार. त्यांनीही हात जोडले होते. देव त्या सहा मिनिटांत मुंबईच्या बाजूने उभा राहिला असे म्हणायचे, तर तो पहिल्या नव्वद मिनिटांत कुणाच्या बाजूने होता? आणि दुपारी चार वाजता कुठे होता? ज्याला गुण मिळाले त्याच्यावर प्रभूची कृपा, असे एकदा म्हटले की ज्याला मिळाले नाहीत त्याच्याविषयी आपण न बोलता फार वाईट बोलून जातो. तो मुलगा तेच ऐकत होता.

त्या रात्री आम्ही त्याला उत्तर दिले नाही. हॉल झाडला, खुर्च्या लावल्या. तोही लावू लागला. मग आमच्यातल्या एका ताईंनी, ज्या विज्ञान शिकवतात, त्याला विचारले, "फॉर्म कधी भरायचाय?" आमच्या राज्यात तेव्हा नापास मुलांसाठी एक योजना होती, तिचे नावच 'रुक जाना नहीं'. जूनमध्ये पुन्हा परीक्षा देता येत असे. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी ताईंकडे जाऊ लागला.

पुनरुत्थानाचा काळ चालू होता. त्या दिवसांत आपण वाचतो की प्रभू उठला हे कळल्यावरही पेत्र आणि त्याचे सोबती मासे धरायला गेले आणि रात्रभर जाळ्यात काही आले नाही. आम्ही आजवर हा उतारा सकाळच्या भरलेल्या जाळ्यासाठी शिकवला. या वर्षी वर्गात त्या रात्रीवर बोललो. विजय झालेला होता, आणि तरीही जाळे रिकामे होते. रिकामे जाळे म्हणजे देवाने टाकले असे नव्हे. ते सातही जण एका होडीत होते. पहाट झाली तेव्हा कुणी घरी गेलेला नव्हता, म्हणून किनाऱ्यावरची हाक सगळ्यांनी ऐकली.

29 एप्रिलला परतीचा सामना मुंबईने 2-0 ने जिंकला. 4 मे रोजी अंतिम सामना, पुन्हा सॉल्ट लेक, पुन्हा मोहन बागान. मध्यंतराआधी कमिंग्जने मोहन बागानला पुढे नेले. उत्तरार्धात पेरेरा डियाझ, 81व्या मिनिटाला बिपिन सिंग, आणि अगदी शेवटी याकुब वोयटुश. 3-1. ज्या मैदानावर एकोणीस दिवसांपूर्वी शील्ड गेली, तिथेच राहुल भेकेने चषक उचलला. धारहून काकांचा संदेश आला: "अभिनंदन पोरांनो. शील्ड मात्र आमच्याकडेच." मुलांनी त्यांना उलट उत्तर दिले नाही. वर्षभरात आम्हाला सर्वात जास्त समाधान कशाचे वाटले असेल, तर याचे.

इथेच थांबलो असतो तर हा लेख गोड झाला असता. पण तसे थांबणे खरे होणार नाही. पुढचा हंगाम, 2024-25, आणखी ओबडधोबड गेला. भेके बेंगळुरूला गेला, आपुइया मोहन बागानला. मुंबई सहावी आली. मार्चच्या 11 तारखेला बेंगळुरूला त्यांच्याच मैदानावर 2-0 ने हरवून शेवटची जागा मिळवली, आणि 29 तारखेला त्याच मैदानावर त्याच बेंगळुरूकडून 0-5 ने हरून बाहेर पडली. चषकाने काही कायमचे मिटले नाही. आमच्या मुलाचेही तसेच. जूनमध्ये त्याचा फिजिक्स सुटला, केमिस्ट्री राहिला. तो डिसेंबरमध्ये सुटला. एक वर्ष गेले ते गेलेच. बिनसलेल्या दोन घरांपैकी एक घर परत येऊ लागले आहे, दुसरे अजून नाही.

तरी 0-5 च्या रात्री हॉलमध्ये चौदा जण शेवटची शिटी वाजेपर्यंत बसले होते. आम्ही मोजले. चपला कुणी घातल्या नाहीत. तो मुलगा पुढच्या ओळीत होता आणि चौथ्या गोलनंतर त्यानेच चहा टाकला.

म्हणून आपल्या धर्मग्रामांतल्या बंधुभगिनींना आमची एक साधी विनंती आहे. निकाल लागतील. ज्या घरात पेढे वाटले जातील तिथे जाच. पण ज्या घराचे दार लावलेले असेल तिथे आधी जा. तिथे प्रभूची योजना समजावून सांगू नका, समजावण्याइतकी ती आपल्याला तरी कुठे कळली आहे? बसा, चहा घ्या, फॉर्मची शेवटची तारीख विचारा. आणि जे घर मिस्सेला यायचे थांबले आहे, त्याच्यासाठी बाकावर जागा धरून ठेवा.

प्रभू तुम्हाला व तुमच्या मुलाबाळांना शांती देवो. आमेन.