तरुणांचें मंडळ आणि सरकारी नोंदणी

आमच्या वाड्यांतील तरुणांच्या मंडळाची नुकतीच रीतसर नोंदणी झाली. नवा धंदा काढणाऱ्या मुलामुलींस साह्य करावें, हा त्याचा उद्देश. कांहीं वडीलधाऱ्यांस हें रुचलें नाहीं. आपल्याच माणसांस मदत करावयाची, तिला सरकारी शिक्क्याची गरज ती काय, असें त्यांचें म्हणणें. या प्रश्नाचा शांतपणें विचार व्हावा, म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

आपल्या घरांतून ‘धंदा’ हा शब्द फार काळ संशयानें ऐकला गेला. परीक्षा, नोकरी व निवृत्तिवेतन ही वाट सर्वांच्या ओळखीची. तथापि याच समाजांतील लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडलच्या माळावर कारखाना वसविला. अंताजी दामोदर काळे यांनीं पैसाफंडासाठीं गांवोगांव पैसा पैसा गोळा केला व त्यांतून १९०८ सालीं तळेगांवीं काचकारखाना निघाला. धाडसाची उणीव आपणांत नव्हती. धाडस करणाऱ्याच्या पाठीशीं उभी राहणारी व्यवस्था मात्र विरळा होती.

नोंदणीनें ती व्यवस्था कशी येते, तें पाहूं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणें निदान ७ माणसांनीं एकत्र येऊन उद्देश व नियम लिहून द्यावे लागतात. आपल्या राज्यांत धर्मादाय उद्देशाच्या संस्थेस १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमही लागू होतो. मग दरसाल हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि विश्वस्त बदलले तर ९० दिवसांच्या आंत तें धर्मादाय कार्यालयास कळवावें लागतें.

हें जाचक वाटेल. पण नात्यागोत्यांतील पैशाचा व्यवहार भिडेवर चालतो, हें आपण सारे जाणतों. पुतण्यास किती दिले व कशासाठीं दिले, हें काकांच्या स्मरणांत राहतें. धंदा बुडाला म्हणजे रक्कम तर जातेच, शिवाय एकाच पंक्तीस जेवणारीं माणसें एकमेकांशीं बोलेनाशीं होतात. वहींतील आंकडा कोणाची भीड धरीत नाहीं. ‘विश्वस्त’ या शब्दाच्या मुळाशीं ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणें हा धातु आहे. ज्याच्या भरंवशावर दुसऱ्यानें निःशंक श्वास घ्यावा, तो विश्वस्त. कायदा त्याच्याकडून एवढेंच मागतो.

नोंदणीनें सर्व साधतें असें मात्र नव्हे. अशा संस्थेचें उत्पन्न सभासदांनीं नफा म्हणून वांटून घ्यावयाचें नसतें. सभासदांच्या ठेवी घेऊन कर्जें द्यावयाचीं, तर त्यासाठीं सहकारी पतसंस्था हा निराळा मार्ग आहे. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनीं १९०६ सालीं आपले गुरु शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नांवें मुंबईंत अशी पतपेढी काढली. आरंभीं ती एका ज्ञातीची होती. आज तिची बँक सर्वांस खुली आहे. शिष्यानें याहून मोठी गुरुदक्षिणा ती काय द्यावी!

तेव्हां आमच्या मंडळानें तूर्त कर्जाच्या भरीस पडूं नये. तरुणांस जमाखर्च शिकवावा. उद्यम नोंदणी २०२० पासून सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, ती करून द्यावी. पहिलें गिऱ्हाईक गांठून द्यावें. निवृत्त झालेल्या आम्हांसारख्यांनीं आठवड्यांतून एक तास सल्ल्यासाठीं द्यावा, परंतु अध्यक्षपद अडवून बसूं नये.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. घरांतील सुनेनें मसाल्यांचा धंदा काढावयाचें मनांत आणलें, तर मदतीच्या यादींत तिचें नांव मुलाच्या नांवामागून येऊं नये. तसेंच वाड्याच्या मागील चाळींतील हुशार मुलगा आपल्या ज्ञातीचा नाहीं, एवढ्यासाठीं त्यास दारांतून परत पाठवूं नये. ‘सार्वजनिक’ हा शब्द नियमावलींत लिहावयाचा आणि दाराशीं विसरावयाचा, हें शोभणारें नाहीं.

नोंदणीचा दाखला कोणीही चौकटींत बसवील. दरसाल सर्वांसमक्ष वह्या उघडणें हें त्याहून कठीण. तें आमचे तरुण करितील, तर वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद त्यांस मागावा लागणार नाहीं.